लेकीच्या घरचं पाणी

माझे वडील माझ्या सासरी पाणी पीत नसत. येताना कापडी पिशवीत स्वतःची बाटली आणायचे. ओटीवर टेकायचे, नातीला मांडीवर घ्यायचे, सगळ्यांची विचारपूस करायचे आणि घसा कोरडा पडला की तोंड जरा बाजूला वळवून त्याच बाटलीतला घोट घ्यायचे. जेवायचा आग्रह झाला की म्हणायचे, "खाऊन निघालोय हो, पोट भरलंय." शहापूरहून मुरबाड, मुरबाडला गाडी बदलून धसई आणि पुढे आमच्या गावापर्यंत मिळेल त्या वाहनाने आलेला माणूस भरल्या पोटाचा कसा असेल, हे माझ्या सासऱ्यांना कळत नव्हतं असं नाही.

लेकीच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये ही जुनी रीत. आमच्याकडे ती आता कुणी पाळत नाही. पाळणारेसुद्धा नातवंड झालं की सोडून देतात. वडील मात्र नातीच्या बारशालाही आले, पाळण्याची दोरी हलवली, हातावर ठेवलेल्या घुगऱ्या रुमालात बांधल्या आणि बाटली काढली.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा धरणावर झाली. मी भातसानगरच्या वसाहतीतच वाढले. निवृत्तीनंतर त्यांनी शहापुरात छोटी खोली घेतली. आई होती तोवर त्या खोलीला घरपण होतं. ती गेल्यावर अण्णा तिथे एकटेच राहू लागले.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामा भातशेतीचे. बोलायला तिखट, पण मनात काही ठेवणार नाहीत. अण्णांची ती बाटली दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"आख्ख्या मुंबईला पाणी पाजलं तुमी," ते म्हणायचे, "अन् आमच्या घरचा एक घोट तुमाला कडू लागतो काय?"

अण्णा हसायचे. "तसं नाही हो व्याही. सवय आहे."

"कसली सवय! माणसानं माणसाच्या दारात तहानलेलं बसायची?"

आत्या मामांना आतून हाक मारायच्या आणि विषय तिथे थांबायचा. पण अण्णा गेले की मामा बराच वेळ गप्प असायचे. मला वाईट वाटायचं ते त्या गप्प बसण्याचं.

त्या वर्षी लावणी जवळजवळ उरकली होती. नदीकाठची खाचरं लावून झाली होती, वरची थोडी बाकी होती. तेवढ्यात फोनवर इशारे यायला लागले. समुद्रात वादळ उठलंय, किनारपट्टीला जोराचा वारा सुटेल, अतिवृष्टी होईल, नदीनाल्यांजवळ जाऊ नका. मी ते मामांना वाचून दाखवले.

"समुद्र तिकडं," मामा पश्चिमेकडे हात करून म्हणाले. "आपल्याला त्याचं काय? आपल्या मागं सिद्धगड हाय. वारा त्याला आपटून मागं फिरल."

"फिरल म्हंजे आपल्याच घरावरून ना?" आत्या म्हणाल्या. आत्यांचे गुडघे गेलेत. त्या चुलीजवळच्या पाटावर बसून सगळं घर चालवतात आणि बसल्या जागेवरून त्यांना बरंच काही दिसतं.

वारा आला तेव्हा पहाट नुकतीच सरली होती. आमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे. डोंगरावरून धावत येतो, ओततो, दम घेतो, पुन्हा ओततो. हा पाऊस तसा नव्हता. तो आडवा येत होता. ओटीवरून मागच्या दारापर्यंत घर ओलं झालं. वारा तर भाताची गिरणी डोक्यावर चालू असावी तसा एकसुरी घोंघावत होता, मध्ये खंडच नाही. माझा नवरा पहाटेच मुरबाडच्या कारखान्यात कामाला गेला होता; पाळी सुटेपर्यंत झाडं पडून रस्ते बंद झाले आणि तो तिकडेच अडकला.

सकाळी अण्णांचा फोन आला. आवाज तुटत होता.

"बाळ, म्हशी बांधून ठेवू नकोस. दावी सोड. आणि नदीकडे लक्ष ठेव. डोंगरात जे पडतंय ते..." पुढचं ऐकूच आलं नाही. फोन गेला तो गेलाच. टॉवर पडला होता, हे मागाहून कळलं.

"काय म्हनतात धरणवाले?" मामांनी विचारलं.

"म्हशी सोडा म्हणतात."

"अशा वाऱ्यात सोडून मी त्यांना शोधायला कुठं जाऊ?"

म्हशी सोडल्या नाहीत. जेवणं झाली. भांडी घासायला मी मागच्या दाराशी बसले होते, तेवढ्यात ओटीवरून मामांचा मोठा आवाज आला, "अरे देवा! पावणे, तुमी?"

मी धावत बाहेर आले. ओटीच्या पायरीवर अण्णा उभे होते. अंगावर खताच्या गोणीची खोळ, हातात छत्रीच्या नुसत्या काड्या, पायात एकच चप्पल. फोन तुटल्यावर ते शहापुरात थांबूच शकले नव्हते. धसईपर्यंत शेवटची गाडी मिळाली, पुढे काही अंतर दुधाच्या टेम्पोने आणि उरलेलं पायी.

"अण्णा, कशाला आलात एवढ्या..." मी म्हणत होते.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मामांनाच म्हणाले, "पुलाला पाणी टेकलंय. मी ओलांडला तेव्हा खालून घासत होतं. आता ते वरून जाणार आणि इकडे वळणार. इथं थांबू नका. सगळ्यांना घेऊन वर चला."

"बसा आधी. अंग पुसा."

"बसायला वेळ नाही, व्याही."

"पावणे, माझे केस या नदीच्या काठावर पांढरे झाले." मामांचा आवाजही चढला. "ती आमच्या आंब्याच्या वर कधी आली नाय. माझ्या बापाच्या टायमाला नाय, माझ्या टायमाला नाय. तुमी धरणाचं बघा, नदीचं मी बघतो."

आमच्या अंगणाच्या खालच्या टोकाला एक रायवळ आंबा होता. पूर किती आला ते गावात त्या आंब्यावरून सांगायचे. बुंध्याला पाणी लागलं म्हणजे मोठा पूर. त्याच्या अलीकडे पाणी कधी कुणी पाहिलं नव्हतं.

दोघे असे समोरासमोर उभे असताना वाऱ्याचा एक लोट आला. आधी मुळं तुटल्याचा कडकड आवाज आला. मग आंबा हळूच, एखादा म्हातारा बसायला वाकतो तसा, नदीच्या बाजूला कलला आणि गेला. क्षणभर नुसता चिखल उडालेला दिसत होता. मग दिसलं, जिथे बुंधा होता तिथल्या खड्ड्यात पाणी भरत होतं. ते पावसाचं नव्हतं. तांबडं, फेसाळ, खालून वर येणारं.

मामांनी डोक्यावरचं फडकं काढलं, पिळलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "चला."

जायचं होतं वाडीवर. आमच्या शेतांच्या मागे टेकाड चढून गेलं की डोंगराच्या पोटाला चार-दोन घरांची वाडी आहे. तिथली एक बाई दर वर्षी आमच्याकडे लावणीला येते आणि आत्या चालत्या होत्या तेव्हा तिच्या खाचरावर जायच्या. ती जंगलातली करटोली, शेवळं अशा रानभाज्या आणून देते, आत्या तिला वालाचं बी देतात. तिचं घर उंचावर. प्रश्न आत्यांचा होता.

"मी नाय येत," आत्या पाटावरून म्हणाल्या. "पोरीला न्या, म्हशी न्या. माझं काय, मी माळ्यावर चढून बसंन."

"तुला पायरी चढवत नाय, माळ्यावर कशी चढशील गो?" मामा ओरडले.

अण्णा तोवर पडवीत गेले होते. आले ते एक प्लास्टिकची खुर्ची आणि मांडवाचे दोन बांबू घेऊन. खुर्चीच्या दोन्ही हातांखालून बांबू सरकवले, म्हशीच्या दाव्याने आवळून बांधले, गाठ ओढून पाहिली.

"बसा विहीणबाई," ते म्हणाले.

आत्यांनी खुर्चीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. व्याह्याच्या खांद्यावर बसून जायचं, म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण पाणी गोठ्याच्या उंबऱ्याशी आलं होतं. त्या बसल्या. मी त्यांच्या अंगावर प्लास्टिक गुंडाळलं.

म्हशींची दावी सुटताच त्या स्वतःच टेकाडाकडे निघाल्या. मी लेकीला पाठीशी बांधलं, एका हातात तांदळाची पिशवी घेतली. पुढे मामा, मागे अण्णा, मध्ये खुर्ची. बांधावरून चालायचं म्हणजे एकामागे एकच पाऊल टाकता येतं. वारा बाजूने ढकलत होता.

"पावणे, पाय दाबून टाका!"

"टाकतोय! तुम्ही जरा हळू चाला!"

"हळू चाललो तर वाहून जाऊ!"

"आरे भांडू नका रे," आत्या प्लास्टिकातून ओरडल्या, "आधी मला खाली ठेवा, मग भांडा!"

एकदा अण्णांचा अनवाणी पाय घसरला आणि ते गुडघाभर चिखलात गेले. पण खांद्यावरचा बांबू त्यांनी सोडला नाही. मामांनी मागे वळून ते पाहिलं. त्यानंतर त्यांनी पावलं आखूड केली. नुसते त्यांचे श्वास ऐकू येत होते.

वाडीतली बाई अर्ध्या टेकाडावर खाली उतरून आली होती. आम्हाला पाहून भर पावसात हसायलाच लागली.

"आगो बाय, नवरी आणली का काय!"

"नवरीला पालखीत आणतात गो," आत्या म्हणाल्या. "खुर्चीत मढं आणतात. धर मला."

तिचं घर बुटकं, कारवीच्या कुडाचं. छप्पर इतकं खाली की वाकूनच आत जावं लागतं. वारा वरून घोंघावत जात होता आणि आत चूल शांत जळत होती. तिने आत्यांना चुलीजवळ बसवलं, माझ्या लेकीला कोरड्या लुगड्यात गुंडाळलं.

मामा आत आले नाहीत. दारातून आमचं घर दिसत होतं, तिथेच उभे राहिले. मी त्यांच्यामागे जाऊन पाहिलं. नदी आता नदीसारखी दिसतच नव्हती. आमची लावलेली खाचरं, रस्ता, पूल, सगळं एकच तांबडं पाणी. त्यात आमचं घर. मग पडवीचे पत्रे सुटायला लागले. जेवणावळ उठल्यावर पत्रावळी उडतात, तसे एकेक उचलले जायचे, थोडा वेळ हवेत राहायचे आणि लांब पाण्यात पडायचे.

"गेली रं माझी पडवी," मामा म्हणाले. तेवढंच.

अण्णा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांना असं कुणाला जवळ करताना मी क्वचितच पाहिलं होतं.

थोड्या वेळाने अण्णांना हुडहुडी भरली. सकाळपासूनचं भिजणं आता बाहेर आलं होतं. दात वाजायला लागले. त्या बाईने गुळाचा कोरा चहा केला आणि पेला त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी पेला धरून अण्णा तो घोट घोट प्यायले. मग तिने दिलेली नाचणीची भाकरीही खाल्ली.

मामा बघत होते. मला वाटलं, आज तरी ते बोलणार नाहीत. पण ते मामा होते.

"हिच्या घरचं चाललं तुमाला, पावणे," ते हळू आवाजात म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. "आमच्या घरचं नाय. आमचं घर तुमाला हलकं वाटतं का? लेक दिलीत, तवा तर तसं वाटलं नाय."

चुलीतलं लाकूड फुटल्याचा आवाज झाला. वाडीतली बाई उगाचच भांडी हलवायला लागली. 

अण्णांनी पेला खाली ठेवला.

"हलकं?" ते म्हणाले. "व्याही, तुमच्या ओटीवर बसलो ना, की घरातून भाताचा वास येतो. विहीणबाई कुणावर तरी ओरडत असतात. ही नात अंगावर चढते. मी बसल्या बसल्या दर वेळी ठरवतो की आता उठायचं, गाडी चुकेल." ते थांबले. "शहापूरला खोलीचं कुलूप उघडलं की आत काही आवाज नसतो. सकाळी जिथं पेला ठेवला तिथंच संध्याकाळी असतो. मला भीती वाटायची. एकदा तुमच्या घरचं पाणी प्यायलो, एकदा जेवायला बसलो, तर मी उठणार नाही. मग ती रीत धरून ठेवली. रीत असली की माणसाला उठता येतं."

मी इतकी वर्षं त्यांची लेक होते आणि मला हे माहीत नव्हतं. मी समजत होते, ते जुन्या वळणाचे आहेत, हट्टी आहेत. मला रडू आवरेना म्हणून मी लेकीचे केस पुसत बसले. ते कधीच कोरडे झाले होते.

पहिल्या बोलल्या आत्या. चुलीकडे तोंड करून, कुणाकडेही न पाहता.

"मग नाय उठायचं. तुमाला उठवतंय कोन?"

मामांनी घसा साफ केला. "अन् मी आपला समजत व्हतो, आमचं भांडं तुमाला चालत नाय. येवढ्याशासाठी मी किती वर्षं मनात कुढलो!" मग एकदम चिडून, "आधी बोलायचं नाय का माणसानं? तोंड काय फकस्त बाटली लावायला दिलंय देवानं?"

अण्णा हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग मामाही हसले आणि वाडीतली बाई तर पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

पाणी उतरल्यावर आम्ही खाली आलो. घर उभं होतं. भिंतींना कमरेपर्यंत चिखलाची रेघ, चूल विरघळलेली, पाट कुठच्या कुठे. गोठ्यात एक मेलेला साप आणि कुणाच्या तरी लग्नाचा पितळी तांब्या. तो कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. विहिरीत पुराचं पाणी शिरलं होतं, वर काटक्या तरंगत होत्या. अण्णा विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "घ्या. आता पितो म्हटलं, तर घरात पाणीच नाही."

छपराचं पाणी स्वच्छ पडतं ती जागा मामांनी दाखवली, अण्णांनी पागोळ्यांखाली हंडा लावला. मी तीन दगड मांडून ते पाणी चांगलं उकळलं आणि चहा केला. अण्णांनी तो आमच्या कपातून, आमच्या ओटीवर बसून घेतला. पडवी नसल्यामुळे पाऊस थेट अंगावर येत होता. मामांनी विचारलं, "साखर बरोबर हाय ना?" जणू इतकी वर्षं फक्त तेच विचारायचं राहून गेलं होतं. साखर नव्हतीच. डबा पाण्यात गेला होता.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

त्यानंतर ते बरेच दिवस राहिले. पूल दुरुस्त झाला, गाड्या सुरू झाल्या, माझा नवरा रात्रपाळ्या दिवसपाळ्या सांभाळत ये-जा करायला लागला, तरी अण्णांनी जायचं नाव काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. त्यांनी आणि मामांनी मिळून घरातला चिखल घमेल्यांनी बाहेर काढला. नदीकाठची खाचरं गाळाने भरली होती, तिथलं लावलेलं भात गेलं होतं. पण वाडीतल्या बाईकडे रोपं उरली होती. "न्या ना," ती म्हणाली, "माझ्याकडं नुसती पिवळी पडतात." वरची खाचरं तरी आम्ही त्यातून लावली. आत्यांची खुर्ची बांधावर ठेवली होती, त्या तिथून हुकूम सोडत होत्या. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा चिखलात उभं राहून भात लावलं. त्यांची ओळ वाकडी जायची. आत्या म्हणायच्या, "विहीणबाई म्हनता म्हनून सांगते, तुमी नुसत्या रोपांच्या मुठी पोचवा." तरी त्यांनी एक अख्खं खाचर लावलंच. मामांनी त्यातलं एकही रोप उपटून सरळ केलं नाही.

नवी पडवी दिवाळीनंतर झाली. पत्रे कसे बांधायचे यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. अण्णांना तारेचा ताण दोन्ही बाजूंनी हवा होता, मामांना वाटत होतं की वाऱ्याला थोडी जागा ठेवावी. शेवटी अर्धी पडवी एकाच्या म्हणण्याप्रमाणे आणि अर्धी दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे बांधली गेली. ती तशीच आहे. वारा सुटला की दोन वेगवेगळे आवाज येतात आणि कोणता चांगला यावर वाद होतो.

अण्णांनी शहापूरची खोली सोडलेली नाही. अधूनमधून जातात, झाडलोट करतात, आईच्या फोटोला हार घालतात, शेजाऱ्यांना भेटतात. पण फोनवर वादळाचा इशारा आला, मग तो कुठल्याही किनाऱ्याचा असो, की दुपारच्या गाडीने धसईला उतरतात. मागच्या वेळी इशारा आला तेव्हा इकडे आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मामा त्यांना आणायला धसईला गेले आणि दोघे बाजार फिरून, सुकट-बोंबील घेऊन, उन्हात घाम पुसत परत आले.

"कुठं हाय तुमचं वादळ, पावणे?" मामा वाटभर विचारत होते.

"येईल हो. आलं नाही तर चांगलंच आहे."

मग कडक उन्हात दोघेही पडवीवर चढले, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि तारा ओढून ओढून तपासायला लागले. आत आत्यांनी बोंबील भाजायला घेतले होते. त्या ओरडल्या, "खाली उतरा रे दोघं, भात निवतोय!" मामा म्हणाले, आलो. अण्णा म्हणाले, ही एक गाठ राहिली. मी ताटं घेतली आणि लेकीला त्यांना बोलवायला पाठवलं. तीही शिडीवर चढून बसली.